मूर्तिजापूर ते यवतमाळ : भंगारातल्या पान्यांचा मेकर कसा ओळखायचा

शकुंतला रेल्वे आता धावत नाही, त्यामुळे मूर्तिजापूर स्टेशनवर उतरून कारंजा, दारव्हा, यवतमाळ असा एसटीनंच गेलो. ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाइन होती खासगी कंपनीची, पण गाड्या चालवायची जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. रेल्वेच्या ठशाची जुनी हत्यारं इथल्या भंगारात सापडतील, म्हणून हा पट्टा निवडला.

कारंज्यात फावडी-टिकासांपलीकडे काही नव्हतं. दारव्ह्याला मात्र एका भंगारवाल्यानं पान्यांचं पोतंच उपडं केलं. एका दुतोंडी पान्यावर ‘जीआयपीआर’ अशी पुसट अक्षरं.

“कंपनीचा माल आये भाऊ,” तो म्हणाला.

आये, पण कंपनी वापरणारी. रेल्वेचा, मिलचा, लष्कराचा ठसा मालकी सांगतो. पाना वर्कशॉपातच घडला की विलायतेहून आला, हे त्यावरून ठरत नाही. काळाचा अंदाज तेवढा येतो : जीआयपी १९५१ साली मध्य रेल्वेत गेली, म्हणजे हा ठसा बहुधा त्याआधीचा.

मग पाना उन्हात तिरपा धरला. दांड्यावर ‘१/२ डब्ल्यू’ होतं आणि तोंड भरलं साधारण २३.४ मिलिमीटर. अर्धा इंच बोल्टचा असतो, तोंडाचा नव्हे. ही व्हिटवर्थ, म्हणजे नट-बोल्टच्या इंची मापांची जुनी इंग्रजी पद्धत. कडेनं बोट फिरवलं तर बारीक शीर लागली, घासून सपाट केलेली. साच्यात ठोकलेल्या मालाला अशी शीर राहते, लोहाराच्या हातच्या कामाला ती नसते, तिथं घणाचे चपटे घाव दिसतात. म्हणजे पाना कारखान्यातला, इंची मापाचा. त्यापुढे नाव लावणं म्हणजे अंदाजपंचे. शेजारी बसलेला म्हातारा लोहार म्हणालाच, “नाव कायले पायता, लोखंड पा ना.”

रंध्याच्या पात्याचंही तसंच. दगडावर घासल्यावर धारेपाशी दोन छटा दिसल्या, तर मऊ लोखंडावर पोलादाची पट्टी जोडलेली आहे. लोक लगेच ‘शेफिल्ड’ म्हणतात, म्हणजे इंग्लंडातल्या पोलादासाठी प्रसिद्ध गावचा माल. आपले लोहारही धारेला पोलाद जोडतात, तेव्हा घाई नको.

जाणाऱ्यांनी रॉकेलची छोटी बाटली, जुना टूथब्रश, खडू आणि बारीक माप घ्यायला व्हर्नियर न्यावा. गंज रॉकेलनं भिजवून पुसा, वर खडू घासा, अक्षरं उठतात. ग्राइंडर लावलात तर ठसा गेलाच समजा. सकाळी जा, तिरपं ऊन मिळतं. भिंग मात्र खिशातच ठेवा. भाव किलोवर चालू असतो, तुम्ही अक्षरं वाचायला लागलात की तो नगावर येतो.

रेल्वेच्या ठशाचं हत्यार नवं वाटलं किंवा ढिगानं मिळत असलं तर हात लावू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. जुन्या नगाचीही पावती मागा, त्यावर दुकानदाराचं नाव आणि तारीख घ्या. यवतमाळला एकानं पावती द्यायला नकार दिला, तेव्हा चांगला जड घण तिथंच सोडून आलो.