जुन्या बाजारातली खुर्ची: भाव विचारण्याआधी उलटी करून बघा

परदेशातल्या जुन्या बाजारात माझ्याजवळ चार गोष्टी असतात: टेप, साधा टॉर्च, अतिनील किरणांचा छोटा टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर (विमानात हा चेक-इनच्या सामानात). भावाचं बोलणं नंतर. आधी वस्तू उलटी करून ती सुटी होते का, हे मी बघते. त्यावरच ती घरी येणार की नाही ते ठरतं.

पॅरिसलगतच्या साँ-उआँचा बाजार शनिवार ते सोमवार भरतो. तिथल्या पॉल बेर आणि सेर्पेत या भागांत विसाव्या शतकातलं डिझाइन भरपूर मिळतं, पण माल निवडून, दुरुस्त करून मांडलेला असल्यामुळे भावही तसाच असतो. मी तिथे नजर तयार करायला जाते. खरेदीसाठी ब्रसेल्सच्या मारोल भागातला प्लास द्यू जू दे बाल हा चौक बरा वाटतो. तिथे रोज सकाळी घरं रिकामी करून आणलेला माल जमिनीवर मांडतात, आणि टॉर्चचा खरा उपयोग तिथेच होतो.

तपासणी खालून सुरू करायची. किड्यांची भोकं असली तर पायावर टिचकी मारा. फिकट, ताजा भुसा गळला तर कीड जिवंत असू शकते, ती वस्तू सोडा. मग खुर्चीवर बसून वजन एका कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यावर न्या, सैल सांधा कुरकुरतो. एकोणिसाव्या शतकातलं म्हणून विकलेल्या कपाटात अधिक-चिन्हाच्या खाचेचे स्क्रू असतील तर निदान ते स्क्रू तरी नंतरचे आहेत, कारण ते १९३०च्या दशकात प्रचारात आले. भरीव लाकडाचं गोल टेबल दोन दिशांनी मोजावं. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला जास्त आकसतं, त्यामुळे जुना माथा काही मिलिमीटरनी लंबगोल झालेला असतो. लाखेचं पॉलिश अतिनील उजेडात नारिंगी चमकतं. पॉलिश जुनं, पण एकाच पायाला ती चमक नसेल, तर तो पाय बहुधा बदललेला आहे.

थोनेट या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या करणाऱ्या कंपनीची १४ नंबरची खुर्ची १८५९ची. सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. प्रवाशासाठी याहून सोयीचं काही नाही, पण १८६९मध्ये पेटंट संपल्यावर इतर कारखान्यांनीही तशा खुर्च्या काढल्या, म्हणून बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूचं लेबल किंवा छाप बघून मगच नाव मान्य करायचं.

डॅनिश डिझायनर हान्स वेग्नरची विशबोन खुर्ची याच्या अगदी उलट. सांगाडा सरसाने जोडलेला, तो सुटा होत नाही. बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीची असते. दोरी दोन-तीन ठिकाणी तुटली असेल तर बैठक नव्याने विणायचा खर्च किमतीतून वजा करूनच भाव करा. अमेरिकन डिझायनर ईम्स दांपत्याच्या लाउंज चेअरमध्ये लाकडाला चिकटवलेले रबरी तुकडे कडक होतात आणि एके दिवशी पाठ सुटून येते. विक्रेता ‘ओरिजिनल’ म्हणून जे कौतुकाने दाखवतो, नेमकं तेच आधी बदलावं लागतं.

आता वजन. कुरियर बहुतेक वेळा आकारमानाचं वजन धरतो: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. पाच किलोच्या आसपासची खुर्ची ६०×६०×८५च्या खोक्यात घातली की ६१ किलो होते. विमानाच्या चेक-इन सामानात अनेकदा तिन्ही मापांची बेरीज १५८ सेंटिमीटर आणि वजन २३ किलो ही मर्यादा असते, म्हणून सुटा होणारा सर्वांत मोठा भाग आडवा ठेवून दुकानातच मोजावा. मोठं कपाट समुद्रमार्गे. कच्च्या लाकडाच्या पेटीवर उष्णता-प्रक्रियेचा (५६ अंश, ३० मिनिटं) शिक्का लागतो, प्लायवूडच्या पेटीला नाही.

लाकडाचं नाव बिलावर लिहून घ्यायलाच हवं. सागाला साइट्सचा (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागत नाही. ब्राझिलियन रोजवुड मात्र १९९२पासून साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्याला साइट्सची कागदपत्रं लागतात. त्याच्या डॅल्बर्जिया प्रजातीतली इतर लाकडं (आपला शिसवही त्यातलाच) २०१७पासून सरसकट दुसऱ्या परिशिष्टात आहेत. या इतर लाकडांच्या तयार वस्तूंना, एका खेपेत त्या लाकडाचं वजन १० किलोपर्यंत असेल तर, परवान्यातून सूट मिळते. साठच्या दशकातल्या डॅनिश कपाटावर नुसतं ‘रोजवुड’ लिहिलेलं असेल आणि विक्रेता जात सांगत नसेल, तर मी ते घेत नाही, कितीही स्वस्त असलं तरी. युरोपात जुन्या मालाच्या बिलावर अनेकदा व्हॅट वेगळा दाखवलेलाच नसतो. मग विमानतळावर परताव्याची आशा नको.

खुर्ची सुटी केल्यावर प्रत्येक स्क्रू मी त्याच भोकात दोन आटे परत फिरवून ठेवते आणि वर कागदी टेप लावते. जुन्या स्क्रूंचे आटे एकसारखे नसतात, आणि अदलाबदल झाली की लाकूड फाटतं. सरस उखडलेला सांधा सुटा करताना ओढू नये. कोमट पाणी आणि थोडा वेळ दिला की जुना प्राणिज सरस मऊ होतो.