बी टाकलं की त्याच दिवशी जाळी

भाजीच्या रोपांवर कीड दिसली की बहुतेकांचा हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. टोमॅटो-मिरचीच्या बाबतीत तोवर उशीर झालेला असतो. पांढरी माशी रस शोषते तेवढ्यानं रोप मरत नाही, पण तिच्यामार्फत लीफ कर्लचा, म्हणजे पानं आकसून मुरडवणाऱ्या रोगाचा, विषाणू शिरला की त्यावर औषध नाही. रोप जितकं कोवळं, तितकं नुकसान जास्त. म्हणून जाळी लावायची ती बी टाकलं त्याच दिवशी, दोन पानं दिसल्यावर नाही.

नायलॉनची 50 मेश (इंचाला 50 भोकं) जाळी घ्या. शेडनेट चालत नाही, त्याच्या भोकांतून माशी सहज आत जाते. एक मीटर रुंद गादीवाफ्यावर बांबूच्या कामट्यांच्या किंवा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेच्या कमानी दर मीटरला एक अशा रोवा. मधोमध उंची दीड-दोन फूट हवी. रोपांची पानं जाळीला टेकली की माशी बाहेर बसूनच रस शोषते, मग जाळी असून नसल्यासारखी. कडा चारही बाजूंनी चार-पाच इंच मातीत गाडा. नुसत्या विटा ठेवल्या तर मधल्या फटी उघड्या राहतात, आणि किडीला तेवढं पुरतं. पाणी घालायला झारीचं तोंड आत घालण्यासाठी जाळी रोज उचलावी लागणार असेल, तर आधीच ठिबकची नळी अंथरून घ्या.

जाळीत दमटपणा वाढतो, त्यामुळे रोपं जमिनीलगत सडून कोलमडण्याचा धोका असतो. तिथे कीड शोधत बसू नका. पाणी सकाळीच द्या, वाफ्याचा वरचा थर थोडा सुकल्यावरच पुन्हा द्या, आणि बी दाट फेकण्याऐवजी दोन ओळींत चार बोटं अंतर ठेवून पेरा.

फुलकिडे मात्र इतके बारीक असतात की 50 मेशमधूनही काही शिरतात. मिरचीची पानं कडेनं वर वळून वाटीसारखी झाली तर फुलकिडे, आणि खाली वळली तर बहुधा कोळी ही बारीक रस शोषणारी कीड. खात्री करायला शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. फुलकिडे असतील तर पिवळसर, बारीक रेघेसारखे जीव सरपटताना दिसतात. जाळीच्या आत निळा चिकट सापळा शेंड्यांच्या जरा वर टांगा, पांढऱ्या माशीसाठी पिवळा. सापळ्यानं कीड संपत नाही, पण आत काय शिरलंय ते वेळेवर कळतं.

सापळ्यावर कीड दिसली की निंबोळी अर्क मारा. 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, पाणी घालून एक लिटर करा आणि दोन ग्रॅम साबणचुरा मिसळा. फवारणी त्याच दिवशी संध्याकाळी, पानांच्या खालून. उन्हात अर्काचा गुण लवकर जातो, आणि उरलेला अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्यात अर्थ नाही.

लावणीनंतर दुसरा त्रास सुरू होतो. सकाळी रोप बुंध्याशी कापून आडवं पडलेलं दिसलं, तर ते काम रोपं कुरतडणाऱ्या अळीचं. ती लांब जात नाही. त्याच रोपाभोवतीची इंचभर माती बोटानं उकरली की राखाडी अळी गोल वेटोळं करून पडलेली सापडते. बाकीच्या रोपांना तळ कापलेला कागदी कप घाला, एक इंच मातीत आणि उरलेला वर.

पावसाळ्यात गोगलगायी. 2022 मध्ये लातूर, बीड, उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात शंखी गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं होतं, तेव्हा परसबागेतल्या दहा रोपांची काय कथा. ओलं गोणपाट वाफ्याशेजारी रात्री पसरा, खाली कोबीची पानं टाका. पहाटे खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. चुन्याची पट्टी कोरडी असेपर्यंतच काम करते, पावसात ती वाहून जाते. मीठ वाफ्यात अजिबात नको, मुळं जळतात. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरात कुत्रं असेल तर वापरू नका, ते त्याच्यासाठी विष आहे.

काकडी, दुधी, भोपळा यांचा शत्रू तांबडा भुंगेरा. तो पहिल्या दोन जाड पानांवरच तुटून पडतो, म्हणून ही रोपं जाळीत पिशवीत वाढवून चार खरी पानं आल्यावर बाहेर लावा. पुढे भुंगेरे दिसलेच तर ऊन चढायच्या आत वेचा. गारठ्यात ते सुस्त असतात, उन्हात हात लावायच्या आधी उडून जातात.