आठ ओहम, चार ओहम आणि माझा क्रॉसओव्हर

मी घरच्या घरी स्पीकर बांधायला घेतले, तेव्हा हाताशी आठ ओहमचा साडेसहा इंची वूफर (जाड सुरांचा स्पीकर) होता आणि चार ओहमचा ट्वीटर (बारीक सुरांचा). २५०० हर्ट्झला दोघांची वाटणी करायची ठरवली: खालचे सूर वूफरला, वरचे ट्वीटरला. ही वाटणी करणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. गणित सोपं वाटलं. आठ ओहम धरून ट्वीटरला ८ मायक्रोफॅरडचा नॉनपोलर कंडेन्सर आणि वूफरला ०.५ मिलीहेन्रीची कॉइल काढली, जोडली आणि अभंग लावला. टाळ लांब गेले होते. गाणाऱ्याचे शब्द पुसट येत होते.

तोच ८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर चार ओहमच्या ट्वीटरला लावला, की त्याची वाटणी ५००० हर्ट्झवर जाते. म्हणजे २५०० ते ५००० हा पट्टा ट्वीटर पूर्ण ताकदीने उचलत नव्हता, आणि शब्दांची धार नेमकी तिथेच असते. वूफरचं काय चाललंय ते मात्र मोजल्याशिवाय कळणार नव्हतं.

मल्टिमीटरने ओहम बघून काही हाती लागत नाही. तो डीसी (स्थिर विजेचा) रेझिस्टन्स दाखवतो, माझ्या आठ ओहमच्या वूफरला ६. म्हणून लॅपटॉपवरून सूर, तिथून अॅम्प्लिफायर, मग १०० ओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर आणि शेवटी स्पीकर अशी जोडणी केली. साध्या पिवळ्या मीटरला एसीची सगळ्यात लहान रेंज २०० व्होल्टची असते, त्याचा इथे उपयोग नाही. मित्राकडून दोन व्होल्टची रेंज असलेला मीटर आणला. असे मीटर हजारांच्या हर्ट्झला चुकू शकतात. म्हणून प्रत्येक फ्रीक्वेन्सीला आधी ओळखीच्या १० ओहमवर व्होल्टेज घ्यायचं, मग त्याच जागी स्पीकर लावून घ्यायचं. दोन्ही आकड्यांच्या गुणोत्तरात मीटरची चूक कटते.

२५०० हर्ट्झला वूफर साडेबारा ओहम निघाला. व्हॉइस कॉइलचं इंडक्टन्स ०.७ मिलीहेन्रीच्या आसपास येत होतं, त्यामुळे वर जाईल तसा इम्पिडन्स (आवाजाच्या बदलत्या विजेला होणारा अडथळा) चढत होता आणि माझी कॉइल त्याला अडवूच शकत नव्हती. यावर इलाज झोबेल, म्हणजे हा चढ सपाट करणारी रेझिस्टर-कंडेन्सरची जोडी. वूफरला समांतर ७.५ ओहम (पंधराचे दोन पांढरे सिमेंट रेझिस्टर) आणि त्यांच्या मालिकेत १० व २.२ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर एकमेकांना समांतर. परत मोजलं तर १००० पासून ५००० पर्यंत सात ते आठ ओहमच्या आत! आता आठ ओहम धरून केलेलं गणित लागू पडत होतं.

कॉइल आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या मोटार वाइंडिंगवाल्या मामांकडून करून घेतली. यंत्रमागाच्या मोटारी रिवाइंड करण्यात त्यांचा हात बसलाय. "फेरे किती टाकू, तेवढं सांगा," एवढंच त्यांनी विचारलं. मी थोडे जास्त सांगितले. घरी त्याच जोडणीवर २५०० हर्ट्झला कॉइल ९.४ ओहम दाखवत होती. हवे होते आठ. फेरे थोडे थोडे सोडत गेलो. इंडक्टन्स फेऱ्यांच्या वर्गाने बदलतं, म्हणून शेवटी एकेक फेरा जपून सोडला.

ट्वीटरला मालिकेत ३.९ ओहम दिला. एकूण आठच्या जवळ गेलं आणि आवाज सहा डेसिबलने उतरला, तोही हवाच होता, कारण तेवढ्याच सिग्नलला ट्वीटर ९२ डेसिबलचा आणि वूफर ८६ चा. पण मला चैन पडेना. ट्वीटरच्या रेझोनन्सला (ज्या सुराला तो आपोआप जास्त थरथरतो), ११०० हर्ट्झला, इम्पिडन्स अकरा ओहमपर्यंत उसळत होता. मालिकेतल्या रेझिस्टरमुळे तिथे ट्वीटरला व्होल्टेज जास्त मिळतं आणि आवाजाला टोक येतं. मग ट्वीटरच्या टर्मिनलवर समांतर एक फांदी बसवली: ०.९५ मिलीहेन्री, २२ मायक्रोफॅरड आणि ५.६ ओहम मालिकेत. लागणाऱ्या सहा-सव्वासहा ओहमपैकी उरलेला अर्धा ओहम कॉइलच्या तारेतच असतो, तो मोजून वजा करावा लागतो. उसळी जवळजवळ बसली.

ऐकायला रात्रीची वेळ निवडली, शेजारचे माग बंद असताना. खोलीतला घुमारा कमी व्हावा म्हणून भिंतीला दोन सोलापुरी चादरी टांगल्या आणि तोच अभंग लावला. टाळ पुढे आले. शब्द सुटे सुटे ऐकू आले. मी तो तीनदा ऐकला.

दुसऱ्या पेटीचा वूफर त्याच मॉडेलचा आहे, पण डीसीला ५.८ ओहम दाखवतो. त्याचा झोबेल वेगळा मोजून घेतोय.