बर्लिनची रिंगबान: शेवटचं स्टेशन नसलेली लोकल

चर्चगेटला लोकल चार मिनिटं उशिरा शिरली तरी परतीच्या फेरीआधी थोडी उसंत असते, त्यात निम्मा उशीर जिरून जातो. बर्लिनच्या रिंगबानला ही सोय नाही. एस४१ आणि एस४२ या दोन मार्गांच्या गाड्या शहराच्या मध्यभागाभोवती नुसत्या फिरत राहतात. चर्चगेट नाही, विरारही नाही. ही रेल्वे बाहेरून फार साधी दिसते, पण ती चालवण्यातली निम्मी डोकेदुखी या एका गोष्टीतून येते.

आधी दिशा. एस४१ घड्याळाच्या काट्याप्रमाणे जाते, एस४२ उलटी. आपल्याला लक्षात ठेवायला सोपं: एस४१ म्हणजे प्रदक्षिणा. शहराचा मध्य कायम उजव्या हाताला राहतो. जर्मनीत गाड्या रुळांच्या उजव्या बाजूने धावतात, म्हणून प्रदक्षिणेची गाडी आतल्या रुळावर असते. आपल्याकडे, डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात, हेच उलटं झालं असतं. फलकावर शेवटच्या स्टेशनाचं नाव नसतं, फक्त ‘रिंग’ आणि गोल बाण. एखाद्या गाडीवर स्टेशनाचं नाव दिसलं तर ती तिथेच संपणार किंवा रिंग सोडून फाट्यावर वळणार, हे समजून चढावं.

पूर्ण फेरी सुमारे ३७ किलोमीटरची, स्टेशनं २७, वेळ ६० मिनिटं. हा साठचा आकडा महत्त्वाचा. दर दहा मिनिटांनी गाडी हवी तर एका दिशेला सहा गाड्या पुरतात, गर्दीच्या वेळी दर पाच मिनिटांनी हवी तर बारा. फेरी ६१ मिनिटांची झाली की गणित फिसकटतं: गाडी पुन्हा त्याच स्टेशनात येईपर्यंत तिची पुढची वेळ टळलेली असते. मग एक तर जादा गाडी घाला किंवा वेळापत्रक ताणा. म्हणून दार उघडं ठेवण्याचे दहा सेकंदही इथे महाग पडतात. उशीर झालेली गाडी पुढच्या फेरीतही तो उशीर घेऊन येते. तिच्यासाठी फलाटावर जास्त लोक साठलेले असतात, चढउतारीला जास्त वेळ लागतो, आणि ती आणखी मागे पडते. मागची गाडी तिला येऊन चिकटते. उपाय फारसे नाहीत: पुढची गाडी थोडी रोखून अंतर सारखं करायचं, नाहीतर उशिराची गाडी सरळ फेरीतून काढून घ्यायची.

त्यात रिंगचे रूळ फक्त रिंगचे नाहीत. आग्नेयेकडून येणारी एस४६ दक्षिण बाजूला रिंगवर चढते, पूर्वेला एस८ आणि एस८५ असतात. बाहेरच्या फाट्यावर सिग्नल बिघडला तर त्याचा उशीर या गाड्या रिंगवर आणून ओततात.

इतिहासात डोकावलं की कळतं, ही रेल्वे प्रवाशांसाठी बांधलीच नव्हती. बर्लिनमध्ये प्रत्येक कंपनीचं आपापलं टर्मिनस होतं. ती जोडणारा १८५१ चा रूळ थेट रस्त्यांवरून जायचा आणि वाहतुकीचा खोळंबा करायचा. तो हटवण्यासाठी शहराबाहेर, मोकळ्या शेतांतून नवी जोडरेल्वे टाकली. १८७१ मध्ये पूर्वेचा भाग मालगाड्यांसाठी उघडला, १८७२ च्या आरंभी प्रवासी सुरू झाले, आणि १८७७ मध्ये पश्चिमेचा भाग जोडून वर्तुळ पूर्ण झालं. शहर नंतर रुळांपर्यंत वाढत आलं.

वर्तुळ म्हणायचं, पण दक्षिणेला त्याला शेपूट होतं. गाड्या तिथून आत वळून पोट्सडाम टर्मिनसशेजारच्या रिंग स्थानकात जायच्या, तोंड फिरवायच्या आणि पुन्हा रिंगवर यायच्या. ही शेपटी १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यांमुळे बंद पडली, तेव्हा कुठे रिंग खऱ्या अर्थाने गोल झाली. वाफेची इंजिनं त्याआधीच, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, गेली होती. वीज डोक्यावरच्या तारेतून नव्हे, बाजूच्या तिसऱ्या रुळातून येते, आज ७५० व्होल्ट डीसी. गाडीचा जोडा, म्हणजे वीज घेणारा भाग, या रुळाला खालून टेकतो, वरून झाकण असतं. त्यामुळे बर्फ साचण्याचा त्रास कमी होतो.

१३ ऑगस्ट १९६१ ला पूर्व आणि पश्चिम बर्लिन तोडणाऱ्या भिंतीने रिंग दोन जागी कापली: उत्तरेला गेझुंडब्रुनेन आणि शोनहाउझर आले यांच्यामध्ये, आग्नेयेला झोनेनआले आणि ट्रेप्टोवर पार्क यांच्यामध्ये. यातला विचित्रपणा असा, की पश्चिम बर्लिनमधली एस-बानही, म्हणजे रिंगसकट शहराची लोकल, पूर्व जर्मनीची सरकारी रेल्वे राइश्सबानच चालवायची. युद्धानंतरच्या व्यवस्थेत तसं ठरलं होतं. साहजिकच भिंतीनंतर पश्चिमेत बहिष्काराची हाक उठली: एस-बानचं तिकीट काढणारा काटेरी तारेचे पैसे भरतो. समांतर बस सुरू झाल्या, डबे रिकामे धावू लागले. सप्टेंबर १९८० मध्ये पश्चिमेतल्या रेल्वे कामगारांनी संप केला आणि पश्चिमेतला रिंगचा भाग जो बंद पडला तो पडलाच. रुळांत झाडं उगवली.

भिंत उघडायला एक रात्र पुरली, रिंग जोडायला बारा वर्षं लागली. पूल, तिसरा रूळ, सिग्नल, फलाट, सगळंच नव्याने करायचं होतं. १७ डिसेंबर १९९३ ला दक्षिणेचा भाग वेस्टएंडपर्यंत सुरू झाला. १९९७ मध्ये युंगफर्नहाइडेपर्यंत, आणि त्याच डिसेंबरात नॉयक्योल्न ते ट्रेप्टोवर पार्क. १९९९ मध्ये वेस्टहाफेन, २००१ मध्ये गेझुंडब्रुनेन. शेवटचा तुकडा १६ जून २००२ ला जुळला. त्यात वेडिंग नावाचं स्टेशन होतं, म्हणून रेल्वेने त्या दिवसाचं नावच ‘वेडिंग डे’ ठेवलं. इतकी वर्षं लांबलेलं लग्न लागलं, तर एवढा विनोद चालायचाच. तरीही न थांबता गोल फिरणाऱ्या एस४१ आणि एस४२ सुरू व्हायला २८ मे २००६ उजाडला.

आता तिकीट, कारण परदेशी माणूस नेमका इथे फसतो. रिंग आणि तिच्या आतला भाग म्हणजे भाडेविभाग ‘ए’, बाहेर शहराच्या हद्दीपर्यंत ‘बी’. साधं एबी तिकीट दोन तास चालतं, पण एकाच दिशेला. परतीचा प्रवास आणि गोल फेरी त्यावर चालत नाही. म्हणजे एक तासाची पूर्ण प्रदक्षिणा दोन तासांच्या तिकिटात बसते, तरी नियमात बसत नाही! हौसेने गोल फिरायचं तर दिवसाचा पास काढावा. कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. अडवणारं गेट कुठेच नाही, तपासनीस मात्र साध्या कपड्यांत डब्यात येतात आणि दंड ६० युरो. तीनच स्टेशनं जायचं असेल तर जवळच्या अंतराचं स्वस्त तिकीट मिळतं.

गाडी बदलायला ओस्टक्रॉइट्स, वेस्टक्रॉइट्स, झ्यूडक्रॉइट्स आणि गेझुंडब्रुनेन ही चार नाकी. पूर्व-पश्चिम गाड्या पहिल्या दोन ठिकाणी, उत्तर-दक्षिण गाड्या उरलेल्या दोन ठिकाणी रिंगला छेदतात.

रिंग एका जागी तुटली की काय होतं, ते मार्च २०२५ मध्ये दिसलं. पश्चिमेला रिंगच्या वरून जाणाऱ्या ए१०० महामार्गाच्या पुलाला तडे गेले. पूल पाडून होईपर्यंत, एप्रिलच्या अखेरीपर्यंत, खालची रेल्वे बंद राहिली. रिंगची घोड्याची नाल झाली. गाड्यांना दोन्ही टोकांना तोंड फिरवावं लागलं आणि साठ मिनिटांचं गणित मोडीत निघालं. हातात वेळापत्रक असलं तरी निघण्याआधी ॲपवर बांधकामाच्या सूचना बघाव्यात, विशेषतः शनिवार-रविवारी. शुक्रवारी आणि शनिवारी रिंग रात्रभर चालते. इतर दिवशी मात्र मध्यरात्रीनंतर ती काही तास झोपते आणि शहर रात्रीच्या बसवर येतं.