अलीकडच्या चार कादंबऱ्या

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्याला गड आणि लढाया आठवतात; मॅगी ओ’फॅरेल यांची २०२० सालची ‘हॅम्नेट’ मात्र १५९६ मध्ये, अकराव्या वर्षी वारलेल्या शेक्सपिअरच्या मुलाचा आणि त्याच्या आईच्या शोकाचा वेध घेते, तेही शेक्सपिअरचे नाव एकदाही न घेता. अलेक्झांड्रियातली एक पिसू प्लेगला शेक्सपिअरच्या स्ट्रॅटफर्ड गावापर्यंत कशी आणते, ते प्रकरण मी दोनदा वाचले. सुझॅना क्लार्क यांची ‘पिरानेसी’ ही अद्भुत कादंबरी भरती-ओहोटीच्या अथांग दालनांत घडते; सुरुवातीला धीर धरावा. रहस्यप्रेमींनी रिचर्ड ऑस्मन यांची ‘द थर्सडे मर्डर क्लब’ वाचावी. कुमारवयीन वाचकांच्या हाती मी अँजेलिन बुली यांची ‘फायरकीपर्स डॉटर’ देईन, कारण तिच्यातली अठरा वर्षांची नायिका अमली पदार्थांचा माग काढतानाही आपल्या ओजिब्वे या उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी समाजाशी निष्ठा राखते.