खंडाचं रान आणि मल्चिंगच्या चिंध्या

आमचं दीड एकर रान काही वर्षं खंडाने, म्हणजे भाड्याने कसायला, दिलेलं होतं. जुन्नरच्या पट्ट्यात टोमॅटो म्हटला की बेड, ड्रिप आणि वर चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, म्हणजे बेडवर अंथरायचं पातळ प्लॅस्टिक, आलाच. पीक संपलं की हाताला येईल तेवढा पेपर ओढायचा, उरलेल्यावर माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर फिरवायचा, असं तिथे चालायचं. रान ताब्यात आलं आणि पहिल्याच पावसात चिंध्या वर चमकायला लागल्या.

बंडल 4 फूट रुंद, 400 मीटर लांब. बेड 5 फुटांवर धरले तर एकरी सहा-सात बंडल लागतात. 25 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पेपर असेल तर हे सत्तरेक किलो प्लॅस्टिक झालं, तेही एका हंगामाचं.

वाफसा आल्यावर, म्हणजे रान कामाजोगं सुकल्यावर, मजूर बायका वेचायला लावल्या. त्यांतल्या एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, शेंगा वेचल्या असत्या तर पाटी तरी भरली असती." खरंच होतं. मोठ्या चिंध्या निघाल्या, पण खाली काय उरलं ते बघायला मी वरच्या थरातली मूठभर माती वाळवून काचेच्या बरणीत पाण्यात ढवळली. पॉलिथिन पाण्याहून हलकं, त्यामुळे माती बसल्यावर मुळांच्या काड्यांसोबत चंदेरी ठिपके वर तरंगले. शिवाय टोमॅटो बांधायच्या प्लॅस्टिक सुतळीचे निळे तंतू; ते माझ्या डोक्यातही नव्हते. 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लॅस्टिक. असले तुकडे गांडुळं बिळांतून आणखी खाली नेतात, आणि ते कुठलाही मजूर वेचू शकत नाही.

म्हणजे जे काही करायचं ते पेपर अखंड असतानाच. मी मिरचीला 30 मायक्रॉनचा घेतला. दुकानदार म्हणाला, पैसे वाया घालवताय. पण पातळ पेपर उन्हाने कडक होतो आणि ओढला की फाटतो. चीनने उगाच नाही 2017 मध्ये पेपरची किमान जाडी 8 मायक्रॉनवरून 10 वर नेली. आपण त्यामानाने बरे.

पेपर काढायला आधी झाडं उपटली, लॅटरल (ड्रिपच्या नळ्या) गुंडाळल्या, मग कुदळीने दोन्ही कडांची माती मोकळी केली. इथे घाई नको, कारण गाडलेली कडच तुटून आत राहते. ओल जास्त असली तर पेपरला चिखल धरतो, रान वाळलं तर कड सुटत नाही. लव्हाळ्याच्या तणाने भोकं पाडली होती तिथे फाटलाच, बाकी लांबच्या लांब निघाला.

भंगारवाल्याने तो माती झटकून, वजनात कट मारून नेला. चिंध्यांच्या गोण्यांना मात्र हात लावला नाही. शेजारी म्हणतात, बांधावर पेटवून दे. ते काही मी करणार नाही. गोण्या पंपाच्या खोलीत आहेत. यंदाचा पेपर घेताना दुकानदाराला विचारलं, जुना परत घेता का? तो हसला आणि बिल करायला लागला.