ग्लारुसची रोजनिशी: मे महिन्याचा पहिला आठवडा

रविवार

स्वित्झर्लंडच्या ग्लारुस कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या एका घटक राज्यात, मे महिन्यातला पहिला रविवार म्हणजे लांड्सगेमाइंडे, मतदारांनी उघड्यावर जमून कायदे करायची सभा. झुरिकहून लिंटालच्या गाडीनं तासाभरात इथं पोचता येतं. एका बाजूला ग्लेर्निशचा सरळसोट कडा, खाली लिंट नदी, आणि दोन्हींच्या मध्ये हे लहानसं राजधानीचं गाव. आज सगळ्या खोऱ्यातली माणसं इथं लोटतात.

त्साउनप्लात्स या चौकात लाकडी फळ्यांच्या चढत्या पायऱ्यांचं गोल रिंगण उभारतात. मधोमध छोटं व्यासपीठ, त्यावर हातात तलवार घेतलेला लांडअमान, म्हणजे कँटनच्या सरकारचा प्रमुख. व्यासपीठाला लागून शाळकरी मुलं बसतात. ही जागा त्यांना मुद्दाम दिलेली असते आणि मला ती फार मोलाची वाटते. कायदा कसा होतो हे ती मुलं हातभर अंतरावरून बघतात, आणि सोळा वर्षं पूर्ण झाली की स्वतःच रिंगणात उभी राहतात. मतदानाचं वय 18 वरून 16 करायचं हेही याच रिंगणानं ठरवलं, 2007 साली.

प्रत्यक्ष काम असं चालतं. सभेच्या कितीतरी आधी घरोघरी ‘मेमोरियाल’ नावाचं जाडजूड पुस्तक येतं. त्यात प्रत्येक विषय, सरकारचं म्हणणं आणि कायद्याचा मसुदा असतो. ते न वाचता आलेल्या माणसाला पहिल्या तासातच काही कळेनासं होतं, कारण इथं नुसतं हो किंवा नाही म्हणायचं नसतं. कोणीही मतदार व्यासपीठावर जाऊन दुरुस्ती सुचवू शकतो, विषय फेटाळा किंवा परत पाठवा असं म्हणू शकतो. मग मतपत्रिका हातात धरून हात वर करायचे. मोजणी नाही. लांडअमान नजरेनं बहुमताचा अंदाज घेतो. शंका वाटली तर पुन्हा हात वर करायला लावतो, सरकारातल्या चार सहकाऱ्यांना वर बोलावून विचारतो, पण निकाल त्याचा, आणि त्यावर अपील नाही.

बाहेरच्या माणसाला हे धोक्याचं वाटतं. पण या पद्धतीची ताकद 2006 साली दिसली. कँटनमध्ये तेव्हा 25 गावपालिका होत्या. सरकारनं त्यांच्या 10 करायचा प्रस्ताव आणला. सभेत एका नागरिकानं उठून थेट तीनच करा असं सुचवलं, आणि रिंगणानं ते मान्य केलं. कुठल्याही मंत्र्याची इतकं मागायची छाती नव्हती. पुढच्या वर्षी खास सभा बोलावून फेरविचार झाला, तिथंही तीनच कायम राहिल्या. 1 जानेवारी 2011 पासून ग्लारुस उत्तर, ग्लारुस आणि ग्लारुस दक्षिण अशा तीन पालिका आहेत.

सभेनंतरचं जेवणही ठरलेलं: काल्बरवुर्स्ट, म्हणजे वासराच्या मांसात पांढरा पाव आणि दूध घालून केलेला सॉसेज, वर कांद्याचा पांढरा रस्सा, सोबत बटाट्याचा लगदा आणि शिजवलेले सुके आलुबुखार. सॉसेज कच्चा असतो. तो गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचा, पण पाणी उकळू द्यायचं नाही. उकळी आली की आतला पाव फुगतो, वरचं आवरण फाटतं आणि सगळी चव पाण्यात उतरते.

मंगळवार

फ्योन सुटला आहे, म्हणजे आल्प्सवरून उतरणारा गरम, कोरडा वारा. दक्षिणेकडून आल्प्स चढताना हवेतली वाफ पाऊस होऊन गळते. मग तीच कोरडी हवा या बाजूला उतरते आणि दर शंभर मीटरला सुमारे एक अंश तापते. चढताना ढगातून येते तेव्हा ती त्यामानानं कमी थंड होते, म्हणून उतरल्यावर निघाली त्यापेक्षा गरम आणि खूप कोरडी असते. डोंगर अंगाशी आल्यासारखे स्पष्ट दिसतात, बर्फ भराभरा वितळतं, आणि लाकूड चटकन पेट घेईल असं वाळतं.

10 मे 1861च्या रात्री असाच फ्योन होता. दाटीवाटीची घरं, लाकडी छपरं, अरुंद बोळ. आगीच्या ठिणग्या वाऱ्यानं घरांवरून घरांवर गेल्या आणि सकाळपर्यंत गावाचा दोन-तृतीयांश भाग गेला, जवळपास 600 इमारती. ज्या जुन्या चर्चमध्ये प्रोटेस्टंट धर्मसुधारक उलरिख झ्विंग्ली 1506 ते 1516 धर्मगुरू होता, तेही राहिलं नाही.

आजचं ग्लारुस त्यानंतरचं आहे. बर्नहार्ड सिमोन आणि योहान कास्पर वोल्फ या वास्तुकारांनी चौकटीच्या वहीसारखा आराखडा आखला: रुंद सरळ रस्ते, मोकळे चौक, दगडी घरं. स्वित्झर्लंडचं छोटं गाव म्हणजे वळणाच्या गल्ल्या आणि लाकडी सज्जे असं मनात घेऊन आलेला पाहुणा इथं थोडा हिरमुसतो. त्यानं रस्त्यांची रुंदी बघावी. दोन घरांमधलं ते अंतर ठिणगीसाठी सोडलेलं आहे. मला हे गाव सुंदर वाटतं ते यासाठीच.

फ्योनवाख्ट ही पहाऱ्याची पद्धतही जपली गेली. वारा सुटला की पहारेकरी फिरत, चुली विझल्या का ते बघत, उघड्यावर विडी-सिगारेटलासुद्धा बंदी असे. दोन मनोऱ्यांचं नवं चर्च फेर्डिनांड श्टाडलरनं बांधलं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघंही ते वापरत. कॅथलिकांचं स्वतंत्र चर्च 1964 साली झालं, म्हणजे शंभर वर्षं एकाच छताखाली वेळा वाटून घेतल्या.

गुरुवार

नदीपलीकडे एनेंडा गावात जुना हेंगीटुर्म उभा आहे. उंच लाकडी इमारत, रुंद वळचण, वर हवेसाठी झडपा. छापलेलं कापड वरून खाली सोडून इथं वाळवत. पट्टा घडी न पडता लोंबला पाहिजे आणि शेजारच्या पट्ट्याला लागता कामा नये. लागला की ओला रंग उमटतो आणि अख्खा नग वाया जातो. म्हणून इतकी उंची.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या अरुंद खोऱ्यात वीसेक छपाई कारखाने होते. त्यांचं नाव झालं ते तुर्की लाल रंगामुळे. हा रंग म्हणजे चिकाटीचं काम. सुती कापड खवट ऑलिव्ह तेल आणि सोड्याच्या मिश्रणात पुन्हापुन्हा भिजवायचं आणि वाळवायचं, मग तुरटी, मग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्यांच्या रंगात हळूहळू तापवायचं, शेवटी साबणाच्या पाण्यात उकळून उजळवायचं. आठवडेच्या आठवडे जात. तेलाचे हात कमी पडले तर रंग धाग्यात मुरत नाही, नुसता वर बसतो आणि घासला की निघतो. लालवर पांढरी नक्षी हवी तर पांढरं छापत नसत. आम्लाची पेस्ट लाकडी ठशानं लावून कापड ब्लीचिंग पावडरच्या पाण्यातून काढत. आम्ल जिथं लागलं तिथंच क्लोरीन सुटून लाल रंग उडतो. मग त्या पांढऱ्या जागेत पिवळा, निळा, काळा, प्रत्येकाला वेगळा ठसा.

ही नक्षी पाहताना मराठी डोळा थबकतोच, कारण तिच्यात कोयरी आहे. हिंदुस्थानी कापडाची नक्कल करत युरोपातली ही छपाई वाढली, आणि पुढे ग्लारुसचा माल तुर्कस्तानात, जाव्यात, ब्रह्मदेशात आणि हिंदुस्थानातही विकायला गेला. जिथली कोयरी तिथंच यंत्रयुगाच्या भावात परत आली, आणि तिथल्या छिप्यांच्या पोटावर पाय आला. ग्लारुसच्या लाल रुमालाचं कौतुक करताना ही बाजू सोडू नये.

इथल्या कामगाराचीही दशा बरी नव्हती. ठसे मारणाऱ्याच्या शेजारी लहान मुलं उभी असत. दर ठशाआधी रंगाच्या गादीवर रंग सारखा पसरवणं हे त्यांचं काम. 1864 साली लांड्सगेमाइंडेनं कारखाना कायदा केला: प्रौढांसकट सगळ्यांना दिवसाला जास्तीत जास्त 12 तास, रात्रपाळी बंद, शाळेच्या वयाची मुलं कारखान्यात नकोत, बाळंतिणींना सहा आठवडे कामापासून सुट्टी. युरोपच्या मुख्य भूमीवर प्रौढ पुरुषांचे तास कायद्यानं बांधणाऱ्या सुरुवातीच्या पावलांपैकी हे एक होतं. हात वर करणाऱ्या मजुराशेजारी त्याचा मालकही उभा असू शकत होता, हे लक्षात ठेवलं की त्या हातांचं वजन कळतं. उघड मतदानातली माझी खरी काळजी तीच आहे, आणि 1864चे मजूर तिला पुरून उरले. 1877 साली देशभरासाठी 11 तासांचा कायदा झाला, आणि फ्रिडोलिन शूलर हा याच खोऱ्यातल्या मोलिसचा डॉक्टर पहिल्या संघीय कारखाना निरीक्षकांपैकी एक झाला.

शनिवार

हेंगीटुर्ममध्ये आता आना गोल्डी संग्रहालय आहे. त्शुडी नावाच्या वजनदार घरातली ही मोलकरीण. घरातल्या मुलीच्या दुधात टाचण्या सापडल्या म्हणून चेटकाचा आरोप झाला, छळ करून कबुली घेतली, आणि 13 जून 1782 रोजी तलवारीनं शिर उडवलं. निकालात चेटकीण हा शब्द टाळून विषप्रयोग लिहिला. 2008 साली कँटनच्या विधिमंडळानं तिला निर्दोष ठरवलं. कँटनच्या कारभारात बायकांना मताचा हक्क रिंगणानं 1971 साली दिला. लांड्सगेमाइंडेच्या प्राचीनतेचे गोडवे गाताना हे साल मी आधी सांगते.

आता त्सीगर, कारण शनिवारच्या बाजारात त्याशिवाय गत्यंतर नाही. शाबत्सीगर हा हिरवट, शंकूच्या आकाराचा, कडक चीज. त्याचा दर्जा आणि शिक्का यांचा नियम लांड्सगेमाइंडेनं 1463 साली घालून दिला. साय काढलेलं दूध 90 अंशांच्या आसपास तापवून आंबट विरजणानं फाडतात, थेट पनीरसारखं. तो चोथा काही आठवडे आंबवतात, मीठ घालून दळतात, आणि शेवटी निळ्या मेथीची वाळवलेली पूड मिसळून साच्यात दाबतात. ही आपल्या मेथीची चुलत बहीण, वास ओळखीचा पण जास्त तीव्र. त्यात चरबी जवळजवळ नसते.

फोडी करून खायला गेलात तर निराशा होईल. तो बारीक किसायचा. आम्लानं फाडलेला असल्यामुळे कितीही तापवला तरी वितळत नाही, म्हणून जाड किसला तर पदार्थात खारट कण दाताखाली येतात. पावावर लावायला एक भाग त्सीगर आणि दोन भाग मऊ लोणी, नीट घोटून. त्सीगरहोर्न्लीसाठी चौघांना 400 ग्रॅम मॅकरोनी, अर्धा शंकू, म्हणजे 50 ग्रॅम, थोडी साय, वर तांबूस तळलेला कांदा आणि बाजूला सफरचंदाचा गोड गर. त्सीगर आच बंद केल्यावर घालावा, आणि मॅकरोनीच्या पाण्यात मीठ नेहमीच्या निम्मं. उरलेला शंकू घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीतच ठेवावा. प्लॅस्टिकच्या डब्याला लागलेला वास नंतर निघत नाही.